घरगुती बुलडोझरची मातीतील कसोटी

(तिवसा येथील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आपल्या शाळाशाळांतून प्रतिकृतींची एकच धांदल उडते. थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याची पवनचक्की, इंजेक्शनच्या नळ्यांवर चालणारा जेसीबी अशा वस्तू टेबलावर मांडल्या जातात आणि त्यांच्यापुढे ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी लागते. परीक्षक येतात, मुलगा पाठ केलेली माहिती म्हणून दाखवितो, बक्षीस मिळते अथवा मिळत नाही, आणि आठवड्याच्या आत ती वस्तू कपाटावर जाऊन बसते. या यंत्राने कधी काम केले काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जे यंत्र काम करण्यासाठी जन्मास आले, त्याला कामाला लावून पाहावयाचे नाही, ही रीत मला चमत्कारिक वाटते. म्हणून आज घरी बनविलेल्या एका छोट्या बुलडोझरची चाचणी आणि सुधारणा, एवढाच लहानसा विषय मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या खेड्यांत पिवळ्या रंगाचे कोणतेही यंत्र आले की मुले त्यास जेसीबी म्हणतात. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे होत. नाल्यावर आपण पाहतो त्या यंत्रास पुढे एक मोठे फावडे असते आणि मागे माती उपसणारा लांब हात असतो. ते चाकांवर चालते. बुलडोझरचे काम निराळे. तो माती उचलीत नाही, लोटतो. त्याच्या पुढे रुंद पाते असते व खाली चाकांऐवजी साखळीचे पट्टे असतात. आपली केणी आणि बुलडोझर यांचे काम एकच, परंतु केणीला बैल पुढून ओढतात आणि बुलडोझर स्वतः मागे राहून पाते पुढे रेटतो. मातीचे धरण बांधताना भरावाची माती पसरून तिचे सारखे थर करण्याचे काम याच यंत्राकडे असते. मग त्या थरांवर रोलर फिरतो.

या यंत्राचा जन्म मुलांना अवश्य सांगावा, कारण तोही घरगुतीच आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मोरोव्हिल नावाचे एक खेडे आहे. तेथे जेम्स कमिंग्ज हा तरुण शेतकरी आणि जे. अर्ल मॅक्लिऑड हा नकाशे काढणारा, या दोघांनी १९२३ साली ट्रॅक्टरच्या पुढे बसविण्याचे पाते तयार केले. तेलाचे नळ टाकण्यासाठी खणलेले चर बुजविणे हे काम त्यांच्या डोळ्यांपुढे होते. सामग्री कोणती, तर भंगारातील मोटारीची चौकट आणि पवनचक्कीच्या स्प्रिंगा. १९२५ च्या जानेवारीत त्यांना या पात्याचे पेटंट मिळाले. म्हणजे भंगारातून यंत्र घडविणारी आपली मुले फार थोर परंपरेत बसतात.

आमच्या शाळेतील सातवीच्या मुलामुलींनी जे यंत्र केले त्याची घडण थोडक्यात सांगतो. प्लायवुडचा एक वीतभर तुकडा हा तळ. त्याच्या दोन बाजूंस खेळण्यांच्या गाड्यांत असतात तशा पिवळ्या डबीच्या दोन गिअरच्या मोटारी. या डबीत आतल्या मोटारीचे ४८ फेरे झाले की बाहेरच्या आसाचा एक फेरा होतो. त्यायोगे वेग घटतो व रेटा वाढतो. चार पेन्सिल सेल, म्हणजे सहा व्होल्ट. प्रत्येक मोटारीस पुढे-मागे करणारी स्वतंत्र दुतर्फी कळ. प्लास्टिकची चार चाके, आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे सपाट पाते. पत्र्याच्या कडा दुमडून घेतल्या होत्या; हे काम शिक्षकाने स्वतः करावे. वर्गातील भिंतीवरची वीज अशा यंत्राला कधीही जोडू नये, आणि जुन्या मोबाइलमधील फुगलेले सेलही वापरू नयेत.

हे यंत्र फरशीवर झकास चालले. खडूची पेटी लोटली, पुस्तकांची चळत लोटली. मुले टाळ्या पिटू लागली. येथेच पुष्कळ ठिकाणी काम संपते आणि रंगकाम सुरू होते. परंतु बुलडोझर काही फरशीवर चालण्यासाठी नसतो. आम्ही एका मोठ्या घमेल्यात शेतातील काळी माती चाळून घातली, ती हाताने सारखी केली आणि यंत्र तीत सोडले. ते चार बोटे गेले आणि थांबले. एक मुलगा म्हणाला, “गुर्जी, चाकं तं फिरून राह्यले, पन गाडी जागची हालत नाही.”

बंधुभगिनींनो, या मुलाने जे वाक्य उच्चारले, त्यात अर्धे निदान आलेले आहे. बाकीच्या मुलांचा आग्रह निराळा होता. ती म्हणत होती, आणखी दोन सेल लावू. यंत्र अडले की बळ वाढवावे ही माणसाची पहिली बुद्धी असते. मोठी माणसेही याला अपवाद नाहीत. परंतु चाके जर फिरतच आहेत, तर मोटारीत बळ आहे हे उघड झाले. ते बळ जमीन घेत नाही, ही खरी अडचण. अशा वेळी सेल वाढविले तर चाके अधिक वेगाने फिरतील, स्वतःखालची माती उकरतील आणि अधिक रुततील.

म्हणून यंत्र अडले की औषध शोधण्यापूर्वी मुलांनी खाली वाकून एकच गोष्ट पाहावी: चाक फिरते आहे की थांबले आहे? चाक फिरत असेल तर दोष जमिनीच्या पकडीत आहे. चाक थांबले असेल तर पकड पुरेशी आहे, मोटारीचा रेटा कमी पडतो आहे. आणि मोटारीची घरघर ऐकू येत असून चाक स्तब्ध असेल तर आसावर चाक सैल झाले आहे. तेथे जमिनीचा अथवा सेलचा काहीच अपराध नाही. तीन दोष, तिन्हींची लक्षणे निराळी, तिन्हींचे उपाय निराळे. आणि नुसत्या नजरेने ते ओळखता येतात. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. चाक थांबलेले असताना कळ दाबून धरू नये. अडलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट वीज ओढते, तिचे वेटोळे तापते व अखेर जळते. दोन-तीन सेकंदांत कळ बंद झालीच पाहिजे.

आमचा दोष पकडीचा होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बेंजामिन होल्ट या अमेरिकन कारखानदारापुढे हाच दोष उभा राहिला होता. कॅलिफोर्नियातील स्टॉकटनजवळची नदीकाठची जमीन अत्यंत मऊ. वाफेचे जड ट्रॅक्टर तीत रुतत. उपाय म्हणून चाके रुंद करण्यात आली. ती इतकी रुंद झाली की एका यंत्राची एकूण रुंदी चौदा मीटरांवर गेली. असे यंत्र वळवावयाचे कसे आणि रस्त्याने न्यावयाचे कसे? तेव्हा होल्टने चाकेच काढून टाकली व त्यांच्या जागी साखळीवर लाकडी फळ्या ठोकून केलेले फिरते पट्टे बसविले. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्या यंत्राची चाचणी झाली, आणि ती झाली रुतणाऱ्या जमिनीवरच.

पट्ट्याने नेमके काय साधते हे मुलांना आकड्यांनी दाखविता येते. चाकांना खडूची भुकटी लावून यंत्र चौकटीच्या कागदावर अलगद टेकवावे व उमटलेल्या ठशांतील चौकटी मोजाव्यात. आमच्या यंत्राचे वजन किराणा दुकानातील काट्यावर ९०० ग्रॅम भरले. चार चाकांचे ठसे मिळून सुमारे १० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ९० ग्रॅम भार. पुढे जे पट्टे बसविले त्यांपैकी एकेकाची जमिनीला टेकणारी बाजू १८ सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद होती. दोन्हींचे मिळून १४४ चौरस सेंटिमीटर झाले आणि भार उतरला सव्वासहा ग्रॅमवर. वजन तेच, परंतु जमिनीवरील दाब जवळजवळ चौदाव्या हिश्शावर आला. चिखलात उभ्या माणसाचे पाय रुततात, पण त्याच चिखलावर फळी टाकली की तीवरून चालता येते, हा अनुभव मुलांना असतोच. दाबाचे गणित त्यांना येथे आपोआप कळते.

वरच्या वर्गातील एखादा हुशार विद्यार्थी येथे एक अवघड प्रश्न विचारण्याचा संभव आहे, आणि त्याची तयारी शिक्षकाने ठेवावी. पुस्तकात तर असे असते की घर्षण हे टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. मग पट्टा रुंद करून पकड का वाढावी? उत्तर असे की पुस्तकातील नियम कठीण पृष्ठभागांविषयीचा आहे. फरशीवर चाचणी घेतली तर पट्ट्याचा फायदा खरोखरच फारसा दिसत नाही. मुलांनी हे स्वतः पाहावे. परंतु माती ही फरशी नव्हे. चाक तीत रुतते व प्रत्येक क्षणी स्वतःच केलेल्या खड्ड्याची चढण चढत राहते. शिवाय ओलसर काळ्या मातीचे कण परस्परांना धरून असतात. त्यांच्या या चिकटीस शास्त्रात संसंजन म्हणतात. यंत्राला मागे सरकावयाचे तर पट्ट्याखालचा मातीचा थर फाटला पाहिजे, आणि जेवढी जागा जास्त तेवढी तो फाडण्यास अधिक जोर लागतो. वर्धा नदीच्या कोरड्या वाळूत ही चिकटी जवळजवळ नसते. म्हणून एका घमेल्यात काळी माती, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात मुरूम अशी तीन घमेली ठेवली तर एकच यंत्र तीन निराळ्या तऱ्हांनी वागते. पुस्तकातील नियम कोठवर चालतो आणि कोठे थांबतो हे मुलाला समजणे, हा काही लहान लाभ नव्हे.

पट्टे आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबचे केले. ट्यूब उभी कापून पट्टी घ्यावी, टोके पंक्चरच्या सोल्यूशनने जोडावीत, वर बांबूच्या बारीक कामट्या दोन-दोन बोटांच्या अंतराने आडव्या बांधाव्यात. कामट्यांची टोके पट्टीच्या बाहेर येऊ देऊ नयेत. पहिल्या दिवशी यंत्र पुन्हा अडले. मुलांनी लगेच खाली वाकून पाहिले; चाक फिरत होते, पट्टा थांबला होता. म्हणजे पकड सुटली होती खरी, पण ती पट्टा आणि माती यांमधील नव्हे, चाक आणि पट्टा यांमधील. उपाय म्हणून पुढचे चाक बसविण्याच्या भोकाची लांबट खाच केली, जेणेकरून ते पुढे सरकवून पट्टा ताणता येईल. खऱ्या यंत्रातही पुढचे चाक असेच सरकविण्याची सोय असते. फार ताणले तर आसावरील घर्षण वाढून मोटार दमते, ढिले ठेवले तर पट्टा घसरतो. मधला ताण हातानेच शोधावा लागतो. वळताना पट्टा उतरे, म्हणून चाकांच्या दोन्ही अंगांस बाटलीच्या मोठ्या झाकणांच्या चकत्या चिकटविल्या. वळणे म्हणजे एका बाजूची मोटार थांबविणे अथवा उलटी फिरविणे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पट्टे फार लांब आणि त्यांच्यातील अंतर फार कमी असेल तर यंत्र सरळ उत्तम जाते, वळत मात्र नाही.

आता मोजणीकडे वळतो. ‘पूर्वीपेक्षा बरे चालते’ हे वाक्य आमच्या वर्गात निषिद्ध होते. किती बरे, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी दोन साधी मापे पुरतात. पहिले माप ओढीचे. यंत्राच्या मागे ताणकाटा अडकवून त्याचे दुसरे टोक खुंटीला बांधावे, यंत्र मातीतून पुढे चालवावे आणि पट्टा घसरू लागण्याच्या क्षणी काटा कोठे होता ते वाचावे. समजा ९०० ग्रॅमच्या यंत्राने ४५० ग्रॅमची ओढ दाखविली, तर पकड वजनाच्या निम्मी झाली. निरनिराळ्या वजनांच्या यंत्रांची तुलना या गुणोत्तराने न्याय्य होते. दुसरे माप कामाचे. पाण्याच्या पेल्याने मोजलेल्या मातीचा ढीग एकाच जागी घालावा, हातभर अंतरावर सुतळी ताणावी, आणि एका फेरीत सुतळीपलीकडे गेलेली माती तोलावी. माती प्रत्येक वेळी चाळलेली, सारखीच सैल केलेली आणि शक्य तितकी सारखी ओली असावी. प्रत्येक चाचणी निदान तीनदा घ्यावी. तीन आकडे परस्परांपासून फार लांब पडले तर सरासरी काढण्याची घाई करू नये. ते इतके लांब का पडले हे आधी शोधावे.

एका वेळी एकच बदल, हा नियम सांगण्यास सोपा आणि पाळण्यास अतिशय कठीण. एके दिवशी मुलांनी सपाट पाते काढून वाकडे पाते बसविले आणि त्याच दिवशी सेलही नवे घातले. लोटलेल्या मातीचे वजन एकदम वाढले. सगळ्यांनी जयजयकार केला. परंतु चाचणीची वही जिच्याकडे होती, त्या मुलीने तो आकडा पात्याच्या नावावर लिहिण्यास नकार दिला. तिचे म्हणणे असे की हा गुण पात्याचा की सेलचा ते कळत नाही. बराच वाद झाला. शेवटी जुने सेल पुन्हा घालून चाचणी घेतली तेव्हा वाढ बरीच उतरली, थोडी मात्र शिल्लक राहिली, ती पात्याची. या मुलीने इतके दिवस केवळ अक्षर चांगले म्हणून वही सांभाळली होती. मुलग्यांनी यंत्र करावे आणि मुलींनी लिहावे ही आपल्या वर्गांतील वाटणी मला मुळीच पसंत नाही, आणि त्या दिवसानंतर स्क्रू पिळण्याची पाळीही तिच्याकडे आली. त्या वादातून आणखी एक रीत निघाली. साधे सेल चाचणीगणिक मंदावत जातात आणि विसाव्यानंतर पुन्हा थोडे सावरतात. म्हणून दिवसाच्या आरंभी जी रचना चालविली तीच शेवटी एकदा पुन्हा चालवून पाहावी. दोन्ही आकडे जुळले तरच मधल्या सर्व आकड्यांवर विश्वास ठेवावा.

पात्याविषयी थोडे. सपाट पात्यापुढे माती साचते, वर चढते आणि पलीकडे सांडते. पाते आतून खोलगट असेल तर माती त्याच्या पोटात गोल फिरत पुढे जाते. सांडपाण्याच्या जाड पाइपचा तुकडा उभा चिरला की असे पाते फुकट मिळते. करवत शिक्षकाने चालवावी. खालच्या कडेला पत्र्याची पट्टी वेगळी बसवावी. खऱ्या बुलडोझरलाही खालची कड कठीण पोलादाची, निराळी व बोल्टने बसविलेली असते, कारण झिजते ती कडच. माती बाजूंनी सांडत असेल तर पात्याला दोन कान लावावेत. कोळशासारखा हलका व सुटा माल लोटण्यासाठी असेच कानांचे पाते वापरतात. कठीण जमीन खरवडण्यास ते उपयोगाचे नाही, तेथे सरळ पातेच चांगले. पाते उचलण्यासाठी दोन इंजेक्शनच्या नळ्या व त्यांना जोडणारी पाण्याची नळी ही युक्ती आपणांस ठाऊक आहे. नळ्या नव्या व सुईविना असाव्यात, वापरलेल्या कदापि नसाव्यात. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पाते डळमळते, कारण हवा दबते आणि पाणी जवळजवळ दबत नाही.

वजनाचा शोध मात्र मला सर्वांत आवडला. पट्टे बसले, पाते सुधारले, तरी पाते मातीत शिरले की यंत्राची मागची बाजू हलकी होऊन पट्टे घसरत. वाचनात मागे म्हणून ज्याचे नाव नेहमी घेतले जाई असा एक मुलगा मागच्या रांगेतून म्हणाला, “आमचा आबा वखरावर गोटा ठेवते.” वर्ग हसला. पण मुलाचे म्हणणे अचूक होते. वखराची पास वरवर चालू लागली की शेतकरी दिंडावर दगड ठेवतो अथवा स्वतः उभा राहतो. भार वाढला की पास खोल जाते. येथे प्रश्न इतकाच होता की गोटा ठेवावयाचा कोठे. पुढे ठेवला तर वखरासारखे पातेच अधिक खोल गेले आणि यंत्र अडले. मागे ठेवला तेव्हा पट्टे पुन्हा जमिनीला भिडले. त्या मुलाने अर्धा तास गोटा बोटबोट सरकवीत काढला आणि प्रत्येक जागेची ओढ मोजून घेतली. वहीत त्या पानावर त्याचे नाव आहे.

यानंतर जे घडले ते प्रत्येक यंत्राच्या बाबतीत कधी ना कधी घडतेच. मुलांनी गोटे वाढवीत नेले. पकड वाढत गेली. आणि एका वजनाला पट्टे घसरण्याचे थांबून चाकेच थांबली. पहिला दोष पूर्ण बरा झाला व दुसरा प्रकट झाला. आता मात्र मोटारीचा रेटा वाढविणे योग्य होते. त्यासाठीही अधिक सेलची गरज नव्हती. पट्टा फिरविणाऱ्या चाकाचा व्यास साडेसहा सेंटिमीटर होता, म्हणजे एका फेऱ्यात यंत्र सुमारे २० सेंटिमीटर सरके. त्याच्या निम्म्या व्यासाचे चाक लावले की ते एका फेऱ्यात दहाच सेंटिमीटर सरकते, परंतु रेटा सुमारे दुप्पट होतो. मुलांना वेग कमी झालेला आवडला नाही. त्यांना सांगितले की खरा बुलडोझर कामावर असताना तुमच्या चालण्याहून फारसा जलद जात नाही. शर्यत लावणे हे त्याचे काम नव्हे.

शेवटचे प्रमाण कोणते ठरवावे? माझ्या मते छोट्या यंत्राचे वजन असे असावे की अतिशय अडल्यास मोटार थांबण्याच्या थोडे आधी पट्टे घसरावेत. पकड याहून वाढविली तर मोटार जळण्याची भीती, कमी ठेवली तर बळ वाया. एक-दोन गोटे कमी करून मुलांनी ही सीमा गाठली आणि तेथे यंत्राचे वजन वहीत तांबड्या शाईने लिहिले.

आपणांपैकी काही जण म्हणतील की एवढा वेळ आणावयाचा कोठून. शनिवारचा दप्तराविना भरणारा वेळ याच कामासाठी आहे. शिवाय क्षेत्रफळ, सरासरी, गुणोत्तर व आलेख हे गणिताचे घटक, दाब आणि घर्षण हे विज्ञानाचे घटक आणि चाचणीचा वृत्तान्त हा भाषेचा निबंध, असे सर्व या एका घमेल्यात येऊन जाते. आपल्या तालुक्यापासून वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. तेथे १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना मांडली, आणि त्यातूनच पुढे नई तालीमचे काम सुरू झाले. उद्योग यांत्रिकपणे न शिकविता त्यातील प्रत्येक क्रियेचे कारण मुलाला कळावे, हा तिचा गाभा होता. त्या काळी हाती टकळी होती; आज गिअरची मोटार आहे. अलीकडच्या काळात पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांपर्यंत पोहोचविली. तीही मोडून, जोडून पाहण्यासाठीच.

प्रदर्शनांविषयी माझी एक स्पष्ट तक्रार आहे. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत मांडणीला गुण असतात, स्पष्टीकरणाला गुण असतात. फसलेल्या चाचण्यांना जागा नसते. त्यामुळे शिक्षकही रंगकामावर भर देतो, आणि ज्या पालकाला परवडते तो बाजारातून तयार संच आणतो. मजुराच्या मुलाचे मातीने माखलेले यंत्र त्याच्या शेजारी केविलवाणे दिसते, जरी त्याने शंभर फेऱ्या मारलेल्या असल्या तरी. इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेच्या प्रतिकृतीसाठी विद्यार्थ्याला दहा हजार रुपये मिळतात. त्या रकमेतूनही बाजारचा देखणा संच घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. केंद्राच्या पातळीवरील प्रदर्शन तर आपल्याच हाती आहे. तेथे प्रत्येक प्रतिकृतीबरोबर चाचणीची वही मागावी, तीत निदान एक फसलेली चाचणी व तिचे कारण असावे, आणि यंत्र परीक्षकांसमोर चालवून दाखवावे, एवढा बदल आपण या वर्षीच करू शकतो. त्यास कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या यंत्रात एक दोष अद्याप कायम आहे, तो आपल्यापुढे ठेवतो. पावसानंतरच्या काळ्या मातीचा चिकटपणा आपणांस सांगावयास नको. ती कामट्यांच्या मधल्या फटींत बसते, थरावर थर चढतो, आणि दहा-बारा फेऱ्यांत पट्टा गुळगुळीत रुळासारखा होऊन घसरू लागतो. मुलांनी कामट्यांतील अंतर वाढवून पाहिले. माती कमी बसली, पण पट्टा चाकावर धडधडू लागला. मागच्या चाकाजवळ माती खरवडणारी तार लावून पाहिली. ती कामट्यांतच अडकली. त्रिकोणी कामट्या कराव्यात असे एका गटाचे म्हणणे आहे, ट्यूबला मध्ये भोके पाडून माती आत गळू द्यावी असे दुसऱ्या गटाचे. दोन्हींच्या चाचण्या व्हावयाच्या आहेत.

यंत्र बाहेर व्हरांड्यात घमेल्याजवळ ठेवले आहे, वहीही तेथेच आहे. माती सकाळीच भिजविली आहे. मधल्या सुटीत आपण ते अवश्य चालवून पाहावे आणि चिकट मातीवर काही उपाय सुचल्यास वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या शाळेच्या नावासह लिहावा. फक्त चाके थांबलेली दिसली की कळ ताबडतोब बंद करावी. मोटारी दोनच आहेत.